षड्ज कुठे धरायचा: बँडच्या घरातल्या एका क्लॅरिनेट विद्यार्थ्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका महाविद्यालयाच्या संगीत विभागातलं आहे. विद्यार्थ्याचं, महाविद्यालयाचं आणि गावाचं नाव दिलेलं नाही, ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. मी त्या विभागात पेटीची साथ करतो. या मुलाच्या जवळजवळ प्रत्येक तालमीला आणि परीक्षेला साथीला मीच होतो, त्यामुळे जे लिहितो आहे ते शेजारी बसून ऐकलेलं आणि पाहिलेलं आहे.

मुलगा दक्षिण महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावचा. घरचं बँडपथक आहे आणि तो तिसऱ्या पिढीतला. वडील ट्रम्पेट वाजवतात आणि पथकाचा सगळा व्यवहारही बघतात. क्लॅरिनेट आजोबांचं. नवव्या-दहाव्या वर्षापासून ते त्याच्या हातात होतं आणि बारावी होईपर्यंत वरातीत पुढे उभं राहून गाणं उचलणारा मुख्य वादक तोच झाला होता. नवं गाणं दोनदा ऐकलं की तिसऱ्यांदा त्याच्या बोटांत असायचं. शेजारी पेटीच्या साथीने भजनात गायचा, त्यामुळे रागांची नावं, सरगम, ताल हे सगळं त्याला परकं नव्हतं. बी.ए.ला संगीत घ्यायचं आणि वाद्य म्हणून क्लॅरिनेटच घ्यायचं हे तो ठरवूनच आला होता.

विभागाच्या स्वरवाद्यांच्या यादीत सतार, व्हायोलिन, बासरी, सनई, हार्मोनियम अशी वाद्यं होती. क्लॅरिनेट नव्हतं, पण त्याला मज्जावही नव्हता. क्लॅरिनेट शिकवणारं मात्र विभागात कुणी नव्हतं. गायनाच्या एक ज्येष्ठ शिक्षिका, ज्यांना सगळे ताई म्हणतात, त्यांनी त्याला आपल्या वर्गात बसवून घेतलं आणि प्रवेश झाला.

हे वाद्य आपल्याकडे नवखं नाही. न्युरेंबर्गच्या योहान क्रिस्टोफ डेनरने 1700 च्या आसपास ते घडवलं, आणि लष्करी व संस्थानी बँडांच्या वाटेने ते भारतात रुळलं. दक्षिणेत कर्नाटक संगीताने ते मैफलीत बसवलं. तिथले ए. के. सी. नटराजन यांना 2022 मध्ये पद्मश्री मिळाली. हिंदुस्थानी पद्धतीत रायचूरच्या पंडित नरसिंहलू वडवाटी यांनी त्यावर पूर्ण ख्यालगायकी वाजवून दाखवली. मैहरचा बँड उभा करणारे उस्ताद अल्लाउद्दीन खाँ तरुणपणी क्लॅरिनेट शिकले होते. मास्टर इब्राहिम यांच्या तबकड्यांवरची चित्रपटगीतं आपल्या आजोबांच्या पिढीने घरोघरी ऐकली आहेत. आणि पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत प्रभात किंवा दरबार बँडचं वादन ज्याने उभं राहून ऐकलं आहे, त्याला क्लॅरिनेट काय काय गाऊ शकतं हे वेगळं सांगायला नको. तरीही संगीत विभागाच्या खोलीत हे वाद्य बाहेर काढलं की पहिली प्रतिक्रिया एकच असते: हे तर वरातीचं. या प्रकरणातला निम्मा त्रास त्या प्रतिक्रियेतून आला, असं मला आजही ठामपणे वाटतं.

अडचण

पहिल्या सत्राच्या प्रात्यक्षिकाला त्याने यमन वाजवला. परीक्षकांचे शेरे तीन होते. सूर चढा आहे, आवाज खोलीला झेपत नाही, आणि मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकत जाणं, नाही, सगळे स्वर सुटे सुटे पडतात. तिन्ही खरे होते. मीही पेटीवर बसून तेच ऐकत होतो. त्याच्या जोडीला तोंडी सल्ला मिळाला की मुलाचा दम चांगला आहे, बोटं चांगली आहेत, त्याला बासरी द्या.

मुलगा त्या दिवशी काही बोलला नाही. पुढचे काही आठवडे तो वर्गात गायला, वाद्य खोक्यातून बाहेर काढेना. आणि नेमकं तेव्हाच मार्गशीर्षातले मुहूर्त लागले होते. शनिवार-रविवार गावी जाऊन वराती वाजवायच्या आणि सोमवारी ताईंच्या वर्गात ओठ सुजलेल्या अवस्थेत बसायचं. वडिलांचं म्हणणंही रास्त होतं. पथकाचा मुख्य वादक शहरात राहिला तर सुपाऱ्या दुसरीकडे जातात, आणि त्याच सुपाऱ्यांवर बारा-चौदा घरं चालतात.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय बासरीचा. विभागात बासरीचे शिक्षक होते, अभ्यासक्रम तयार होता, पुढे कार्यक्रमांनाही वाव होता. विभागाच्या दृष्टीने सगळ्यात सोपा मार्ग हाच. पण त्यात आठ-नऊ वर्षांची तोंडाची घडण वाया जाणार होती. बासरीला फुंकर असते, क्लॅरिनेटला रीडवर, म्हणजे तोंडाशी लावलेल्या बोरूच्या पातळ पट्टीवर, ओठांची पकड. यातलं एक येतं म्हणून दुसरं येत नाही.

दुसरा पर्याय पाश्चात्त्य पद्धतीच्या श्रेणी परीक्षांचा. मुंबईत त्याची सोय होती. पण त्यासाठी सहसा बोअम पद्धतीचं क्लॅरिनेट वापरतात. 1839 मध्ये पॅरिसमध्ये क्लोझे आणि ब्यूफे यांनी पुढे आणलेली सतरा कळांची ही रचना जगात बहुतेक ठिकाणी वाद्यवृंदांत चालते. आपल्या बँडवाल्यांच्या हातात मात्र बहुतेक वेळा जुनं अल्बर्ट पद्धतीचं वाद्य असतं, कमी कळांचं आणि वेगळ्या बोटांचं. नवं वाद्य विकत घ्यायचं, बोटं नव्याने बसवायची, स्टाफ नोटेशन शिकायचं आणि बी.ए.चा राग-अभ्यासक्रमही करायचा, हे सगळं एकदम जमण्यासारखं नव्हतं.

तिसरा पर्याय वडिलांच्या मनातला होता. पोलीस भरतीत बँडस्मनच्या जागा निघतात, लष्करातही बँड आहेत आणि त्यांचं प्रशिक्षण पचमढीला होतं. पगार, निवृत्तिवेतन, गणवेश. घरात कुणालाच कधी न मिळालेली स्थिरता. ताईंनी हा पर्याय कधीही हलका मानला नाही हे मला महत्त्वाचं वाटतं. पदवी पूर्ण होईपर्यंत भरतीचं वय निघून जाणार नाही एवढं त्यांनी तपासून घेतलं आणि वडिलांना तसं सांगितलं. त्यामुळे घरचा दबाव तीन वर्षांपुरता सैल झाला.

चौथा पर्याय म्हणजे आहे तेच वाद्य ठेवून त्यावर गायकी बसवणं. याला शिक्षक नव्हता, पुस्तक नव्हतं, हमी नव्हती. मुलाला मात्र हेच हवं होतं.

पहिला निर्णय: चूक वादकाची की वाद्याची

चौथ्या पर्यायाचा विचार करायचा तर आधी ‘सूर चढा’ या शेऱ्याचा निकाल लावणं भाग होतं. कान कच्चा असेल तर वाद्य कुठलंही दिलं तरी उपयोग नाही.

मी त्याला पेटीसमोर बसवलं आणि एकेक स्वर लांब धरायला सांगितला. कान कच्चा असलेला वादक कुठे चढतो, कुठे उतरतो. हा सगळीकडे सारखाच वर होता, दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराच्या जवळपास निम्म्याने. वाद्य बाजूला ठेवून गायला लावलं तर पेटीशी सूर अगदी जुळत होता. मग मी विचारलं की बँडमध्ये कीबोर्ड आहे, त्याच्याशी कसं जुळवता? तो सहज म्हणाला, “सर, आमच्याकडे कीबोर्डच चढवून लावतात. सगळ्या बँडला तसाच लावतात.”

तेव्हा आम्ही वाद्य खिडकीशी नेऊन नीट बघितलं. वरच्या तुकड्यावर, कंपनीच्या पुसट शिक्क्याखाली, इंग्रजीत एच आणि पी ही दोन अक्षरं कोरलेली होती. हाय पिच. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांपर्यंत ब्रिटिश लष्करी बँड मध्य सप्तकातला ‘ए’ हा स्वर सेकंदाला 452 कंपनांच्या आसपास धरत. आज तो 440 ला धरतात. 1920 च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश लष्कराने चढी पट्टी सोडली, पण तोवर बनलेली वाद्यं जगभर पसरली होती. आजोबांचं क्लॅरिनेट त्यातलंच. संपूर्ण बँड त्या पट्टीत असल्यामुळे तिथे ते अगदी सुरात होतं. विभागातली पेटी आजच्या पट्टीतली, त्यामुळे इथे ते बेसूर ठरलं.

असं वाद्य खाली आणता येत नाही. मुखाशी असलेलं बॅरल थोडं ओढून सूर उतरवतात, पण त्याने फार तर चिमूटभर फरक पडतो. जास्त ओढलं तर आखूड नळीचे, म्हणजे थोडी बोटं झाकलेले स्वर फार उतरतात आणि सगळी बोटं झाकलेले कमी उतरतात. मग वाद्य आपल्या आपल्यातच बेसूर होतं. दुसरं वाद्य मिळवणं हाच उपाय होता.

इथे बोअम घ्यावं का, हा प्रश्न पुन्हा आला. एका ओळखीच्या वादकाने आपलं बोअम काही दिवस वापरायला दिलं. मुलाने ते मनापासून वाजवून बघितलं. द्रुत ताना त्यावर सफाईने जात होत्या. पण छिद्रांवरून बोट सरकवत स्वर ओढायचा, तो त्याच्या हाताला अल्बर्टवरच जमत होता. तुर्कस्तान आणि ग्रीसमधले लोकवादक आणि न्यू ऑर्लिन्सचे जुने जॅझवादकही याच कारणासाठी अल्बर्टला धरून राहिले, हे तेव्हा आम्हाला धीर देणारं वाटलं. शेवटी शेजारच्या जिल्ह्यातल्या एका बंद पडलेल्या पथकाकडून आजच्या पट्टीतलं जुनं अल्बर्ट मिळालं. पॅड बदलून, बूच नवं बसवून ते वाजतं झालं. पैसे वडिलांनी दिले. मुलाने बी.ए. सोडून भरतीला जावं असं ज्यांना वाटत होतं, त्यांनीच.

दुसरा निर्णय: षड्ज

मला विचाराल तर या प्रकरणाचा कणा हाच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बासरीत किंवा सनईत खालचा सा धरून जोराने फुंकलं की त्याच बोटांवर तार सा मिळतो. त्यामुळे दोन्ही सप्तकांत बोटं तीच राहतात. क्लॅरिनेटचं तसं नाही. त्याची नळी सरळ, एकसारख्या व्यासाची आणि रीडच्या बाजूने बंद. अशी नळी वरच्या घरात, म्हणजे वरच्या स्वरांच्या टप्प्यात, जाताना अष्टकाने उडी मारत नाही, बाराव्या स्वरावर जाते. म्हणजे सा धरून अंगठ्यामागची रजिस्टरची कळ दाबली की तार सा येत नाही, तार पंचम येतो. मधली जागा भरून काढायला गळ्याशी काही कळा दिलेल्या असतात. त्या कळांवरचे स्वर पातळ आणि दबके निघतात. आणि त्यातल्या शेवटच्या स्वरावरून पुढच्या स्वरावर जायचं तर जवळजवळ सगळी उघडी बोटं एका क्षणात झाकावी लागतात. वादक याला सांधा म्हणतात. सांध्यावरून मींड घेणं जवळपास अशक्य.

आता यमनमध्ये काय झालं ते बघा. बँडमधल्या प्रत्येक मुलाला पहिल्यांदा ‘सी स्केल’ शिकवतात. बी-फ्लॅट क्लॅरिनेटवर लिहिलेला सी वाजवला की कानाला काळी पाच, म्हणजे पेटीवरची पाचवी काळी पट्टी, ऐकू येते. मुलाने परीक्षेत तोच सा धरला होता. तिथून मोजत गेलं की पंचम पूर्ण उघड्या नळीवर येतो, धैवत गळ्याच्या कळेवर, आणि शुद्ध निषाद सांध्याच्या पलीकडे. यमनचा संवादी, म्हणजे दुसरा महत्त्वाचा स्वर, निषाद. ध-नी-सां ही जागा, जिथे राग फुलायचा, तिथेच वाद्य सगळ्यात लुळं. परीक्षकांनी ‘मींड नाही’ म्हटलं ते खरंच होतं, पण त्या षड्जावरून ती मींड भल्याभल्या वादकालाही घेता आली नसती.

ताईंनी मग त्याला सांगितलं की कुठल्या सा वरून गायल्यावर गळा मोकळा राहतो ते जसं गायक शोधतो तसं तू वाद्याचा सा शोध. मुलाने, मी आणि तबल्याच्या साथीदाराने मिळून तीन जागा तपासल्या. वरच्या घरातला सा, जो कानाला पांढरी एक येतो, तो वरातीचा. लख्ख, लांबवर जाणारा, पण खोलीत बोचणारा, आणि मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, थोडं उतरलं की लगेच सांधा. पांढरी पाचला मंद्र पंचमापर्यंत उतरता येत होतं, म्हणून आम्ही काही दिवस त्यावर आशा ठेवली. पण तिथे निषाद आणि तार सा दोन्ही कळांवर गेले आणि उत्तरांगातली, म्हणजे सप्तकाच्या वरच्या अर्ध्यातली, ओढ पुन्हा हरवली.

राहिली पांढरी चार. दोन्ही हातांची सहा बोटं झाकून खालच्या घरातला सा. तिथून एकेक बोट उचलत गेलं की रे, ग, म, प, ध येतात, अंगठा उचलून निषाद, आणि सगळं उघडं केलं की तार सा. संपूर्ण मध्य सप्तक उघड्या छिद्रांवर. बोट सावकाश सरकवलं की स्वर ओढला जातो. सां वरून ध वर यायचं तर अंगठा आणि तर्जनी हळूहळू झाकत आणायच्या, आणि मधली प्रत्येक श्रुती ऐकू येते. पहिल्यांदा ती मींड नीट आली तेव्हा ताईंनी गाणं थांबवून त्याला ती पुन्हा घ्यायला लावली, आणि मग आणखी एकदा.

याची किंमतही होती. मंद्रात धैवतापर्यंतच जाता येत होतं, त्याच्या खाली वाद्यच संपतं. सांधा हटला नव्हता, तार रे आणि तार ग यांच्या मध्ये जाऊन बसला होता. तीव्र म आणि कोमल रे करंगळीच्या कळांवर होते, म्हणून यमन, भैरव हे राग तूर्त बाजूला ठेवले. तार सा गळ्याचा असल्यामुळे जरा पोकळ वाजायचा. त्याला उपाय सापडला. तार सा धरताना उजव्या हाताची दोन बोटं खालच्या छिद्रांवर ठेवली की सूर न बदलता नाद भरीव होतो.

पुढच्या सुट्टीत मुलगा हे सगळं उत्साहाने घरी सांगायला गेला. तिथे त्याचे चुलत आजोबा होते. वय झालेलं, दात गेल्यामुळे वादन सुटलेलं. ते म्हणाले, “बसून वाजवायचं तर सगळी बोटं झाकून सा. चालत वाजवायचं तर वरचा.” उमेदीच्या काळात ते मंदिराच्या ओट्यावर बसून याच षड्जावरून भजनं आणि नाट्यपदं वाजवत. आम्ही दोन महिने तालमी करून जिथे पोचलो, ती गोष्ट त्या घरात अनेक वर्षं होती. वराती वाढल्या, बसून वाजवण्याचे प्रसंग संपले आणि पुढच्या पिढीकडे फक्त वरचा सा राहिला.

तिसरा निर्णय: जिभेचं काम

आवाज आणि सुटे स्वर यांवरचा इलाज त्यामानाने सरळ होता, पण घाम काढणारा. बँडमध्ये प्रत्येक स्वराला रीडवर जीभ लावतात, कारण ढोल-ताशाच्या कल्लोळात सूर कापून पुढे जावा लागतो. ताईंनी त्याला आधी बंदिश गायला लावली, मग शब्द कागदावर लिहून जिथे अक्षर सुरू होतं फक्त तिथे जीभ आणि बाकी सगळं एका श्वासात, असा नियम केला. श्वास कुठे घ्यायचा? गायक जिथे घेतो तिथे. नाकाने श्वास घेत अखंड फुंकण्याची सनईवाल्यांची रीत शिकावी असं मुलाच्या मनात होतं, पण ताईंनी ते पुढे ढकललं. ख्यालाला विसावा लागतो असं त्यांचं मत, आणि मला ते पटतं.

आवाज लहान करण्यासाठी तो रोज पहाटे वसतिगृहाच्या गच्चीवर फक्त खर्ज भरायचा. शांततेतून अलगद उगवून पुन्हा शांततेत विरणारा स्वर हा क्लॅरिनेटचा खास गुण आहे, फुंकवाद्यांत इतकं मंद वाजवणं फार थोड्या वाद्यांना साधतं. वरातीत त्याची कधी गरजच पडली नव्हती. रीडही बदलली. घरी घासून घासून पातळ केलेल्या रीडा सोडून त्याने अडीच नंबरच्या घेतल्या. सुरुवातीला ओठ थकायचे, पण स्वर डळमळेनासा झाला.

राग निवडताना भूप घेतला. मंद्र धैवतावर उतरून सा कडे येणं हा भूपाचा श्वास, आणि आमच्या वाद्याचा शेवटचा स्वर नेमका तोच. सगळे स्वर शुद्ध. तार गंधार एवढाच सांध्यापलीकडे. तिथे मींड घ्यायचीच नाही, स्वर सरळ लावायचा, असं ठरलं. साथीतही बदल झाले. पांढरी चारचा तबला फार चढा होतो, म्हणून तबला पंचमात, म्हणजे पांढरी एकमध्ये लावला. मी पेटी अगदी हलकी ठेवली, कारण ओढलेल्या स्वरामागे पेटीची पट्टी ठळक वाजली की मींड मारली जाते.

चौथा निर्णय: मुहूर्त

हा प्रश्न आम्हाला पूर्ण सोडवता आला नाही.

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला ताई, मुलगा आणि त्याचे वडील यांचं एकदा बसून बोलणं झालं. ठरलं असं की सुट्टीत आणि मोठ्या सुपाऱ्यांना मुलगा जाईल, एरवी त्याचा चुलतभाऊ पुढे उभा राहील, आणि त्याला तयार करण्याचं काम मुलाने करायचं. वडिलांनी शब्द पाळला. पण लग्नसराई महाविद्यालयाचं वेळापत्रक बघून येत नाही. चार-पाच तास वरात वाजवली की खालचा ओठ आतून दातांनी कापला जातो आणि पुढचे दोन-तीन दिवस मंद स्वर लागतच नाही. शिवाय पथक अजून जुन्या, चढ्या पट्टीत. म्हणजे वरातीला आजोबांचं वाद्य, विभागात दुसरं. दोन तोंडं, दोन पट्ट्या, दोन षड्ज.

तिसऱ्या वर्षी विद्यापीठाच्या युवा महोत्सवात शास्त्रीय स्वरवाद्याच्या स्पर्धेत तो उतरला. पंधरा मिनिटांचा भूप. हॉल थंड होता आणि गार लाकडी वाद्य उतरलेलं वाजतं, म्हणून आपली पाळी येईपर्यंत तो आवाज न करता नळीत ऊब फुंकत बाहेर उभा राहिला. विलंबित फार सुंदर झालं. द्रुतात तार गंधारावर जाताना एकदा स्वर फाटला. बक्षीस मिळालं नाही. परीक्षकांपैकी एका सतारवादकांनी नंतर येऊन पट्टी कोणती धरलीस हे विचारलं आणि ती का धरली हेही विचारलं. मुलाने त्यांना बोटं लावून दाखवलं.

अंतिम प्रात्यक्षिक मात्र एका मोठ्या वरातीच्या दुसऱ्याच दिवशी आलं. ओठ फाटलेला होता. त्याने विलंबित आखूड केलं, मध्यलयीतली बंदिश लांबवली आणि निभावून नेलं. गुण चांगले पडले, पण युवा महोत्सवात जे ऐकलं होतं त्याच्या जवळपासही ते नव्हतं, आणि हे त्याला पक्कं माहीत होतं.

परिणाम

मुलगा आता एम.ए. करतो आहे. पोलीस बँडचा अर्जही त्याने भरला आहे आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. विभागाच्या यादीत क्लॅरिनेटचं नाव छापून आलं. शिक्षक अजून नाही, गायनाच्याच वर्गात तालीम चालते. यमनकडे तो पुन्हा वळला आहे. करंगळीची कळ न वापरता, मधलं छिद्र अर्धवट झाकून तीव्र मध्यम काढायचा प्रयत्न चालू आहे. कधी लागतो, कधी नाही. गावी चुलतभाऊ पुढे उभा राहून वाजवतो आणि त्याचं नाव होतं आहे.

नोकरीचा प्रश्न उघडा आहे. क्लॅरिनेट शिकवण्याची जागा महाविद्यालयात निघत नाही. संगीत विषयातून नेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा देऊन तो अध्यापनात येऊ शकतो, पण तिथे त्याला गायन किंवा सिद्धान्त शिकवावा लागेल. याचं उत्तर विभागाकडे नाही.

काय वेगळं करता आलं असतं

प्रवेशाच्या वेळी वाद्य कुठल्या पट्टीतलं आहे हे तपासायला दहा मिनिटं लागली असती. त्या दहा मिनिटांअभावी एका चांगल्या कानाच्या मुलावर बेसूर असल्याचा शिक्का एक संपूर्ण सत्र राहिला. आता विभागात फुंकवाद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या आठवड्यात पेटीशी बसवतात, आणि फरक सगळीकडे सारखा आहे की कमीजास्त, हे लिहून ठेवतात.

बासरी द्या, हा सल्ला चांगल्या मनाने दिलेला होता. पण तो देण्यापूर्वी या वाद्यावर ही मींड कुठून निघेल, असा प्रश्न कुणीतरी विचारायला हवा होता. आणि तो विभागात विचारण्याआधी मुलाच्या घरी विचारायला हवा होता. बँडमधल्या वयस्क वादकांना आपण संगीतातले जाणकार मानत नाही. चुलत आजोबांना पहिल्याच सत्रात एकदा बोलावून ऐकलं असतं, तर दोन महिने वाचले असते. शिवाय एका म्हाताऱ्या वादकाला आपलं ज्ञान कुणाला तरी हवं आहे हे कळलं असतं, आणि हे मला त्या दोन महिन्यांपेक्षाही मोठं वाटतं. आता विभागाने त्यांच्याशी बोलून त्यांची बोटांची रीत आणि त्यांनी वाजवलेली पदं लिहून घ्यायला सुरुवात केली आहे. वाजवून दाखवणं त्यांना शक्य नाही, ते गाऊन आणि बोटं ठेवून सांगतात.

मुहूर्तांचा प्रश्न मुलाच्या मर्जीवर सोडायला नको होता. लग्नसराईत पथकांतल्या मुलांची प्रात्यक्षिकं वरातीला लागून ठेवू नयेत, एवढं विद्यापीठाला कळवता आलं असतं. पंचांग सगळ्यांकडे असतं. यंदा विभागाने तसं पत्र दिलं आहे.

यावर्षी आणखी एका पथकातला मुलगा आला आहे, सॅक्सोफोन घेऊन. सॅक्सोफोनची नळी शंकूसारखी रुंदावत जाते, त्यामुळे ती अष्टकानेच उडी घेते आणि दोन्ही सप्तकांत बोटं जवळपास तीच राहतात. पांढरी चारचा आमचा सगळा हिशेब त्याच्या कामाचा नाही. त्याचा षड्ज पहिल्यापासून शोधावा लागेल, आणि या वेळी ताईंनी पहिल्या तालमीलाच त्याच्या वडिलांना बोलावलं आहे.